गॅलनभर गोड चहा

अटलांटाच्या उत्तरेला आम्ही राहतो त्या भागातल्या सुपरमार्केटात चहाला दोन जागा आहेत. पहिली कॉफीशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर. तिथे कॅमोमाइल, पुदिना, अर्ल ग्रे, जपानी हिरवा चहा, अशी सुबक खोकी. वीस पिशव्यांची किंमत वाचली की माणूस खोकं हळूच जागेवर ठेवतो. दुसरी जागा खाली, गुडघ्याशी. आणि मे महिना लागला की तीच खोकी वर येऊन रांगेच्या टोकाला, साखरेच्या पुड्यांच्या थप्पीला खेटून उभी राहतात. लिप्टन, लुझिआन, टेटली आणि दुकानाचा स्वतःचा स्वस्त छाप. खोक्यावर ‘फॅमिली साइझ’ असं ठळक लिहिलेलं. मळ्याचं नाव नाही, तोडणीच्या हंगामाचं नाही. बर्फाने भरलेल्या उंच ग्लासाचं चित्र मात्र हमखास. लोक एकावेळी दोन-तीन खोकी उचलतात, शेजारची साखर उचलतात आणि पुढे जातात. निवड, विचार, वाचन, काही नाही. आपल्याकडे महिन्याच्या यादीत ‘चहा पावडर, अर्धा किलो’ एवढंच लिहिलेलं असतं, तसा हा व्यवहार.

यंदाच्या अंकाचा विषय ‘पाहुणचार’ असल्याचं संपादकांनी कळवलं आणि पुढे एक ओळ जोडली, ‘तुमच्याकडे दारात आलेल्याला काय देतात, ते जाऊन बघून लिहा.’ अमेरिकेच्या या आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, दोन्ही कॅरोलिना, टेनेसी, मिसिसिपी इथे, त्याचं उत्तर शोधावं लागत नाही. प्लंबर येवो, चर्चमधले पाद्री येवोत, नाहीतर शेजारीण, ‘चहा?’ असं विचारलं जातं आणि पुढ्यात येतो तो थंडगार, गोडमिट्ट, दुधाशिवायचा तांबूस चहा. आमच्या मराठी मंडळींत त्याला ‘सरबत’ म्हणून निकालात काढायची रीत आहे. चहा म्हणजे उकळलेला, आलं ठेचून घातलेला, वाफाळता. पिशवी बुडवून केलेल्या पाण्याला चहा कोण म्हणेल? मला मात्र हा चहा करणाऱ्यांच्या ओट्यांपाशी उभं राहिल्यावर असं दिसलं की थंड प्यायचा, जेवणाबरोबर प्यायचा आणि चार माणसांत प्यायचा, या तीन गोष्टी धरून तो घडवलेला आहे. पिशवीतल्या भुकटीपासून साखर कधी घालायची इथपर्यंत सगळं त्या हिशोबाने ठरलेलं आहे.

मॅम, साखर किती?

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाई मूळच्या मेकन गावच्या. शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करून निवृत्त झालेल्या. त्यांना इथल्या रीतीप्रमाणे मी ‘मॅम’ म्हणते आणि त्या मला ‘हनी’. चहा करताना बघायला येऊ का, असं विचारल्यावर त्या हसल्या. बघण्यासारखं त्यात काय आहे, असा चेहरा. मग म्हणाल्या, ‘ये. पण सकाळी ये. चहा सकाळी करायचा असतो.’

सकाळी करायचा, कारण तो दुपारपर्यंत निवायला हवा. त्यांनी एका लहान पातेल्यात क्वार्टभर, म्हणजे लिटरला थोडं कमी, पाणी उकळलं. उकळी फुटल्यावर गॅस बंद केला. चिमटीत मावेल एवढा खायचा सोडा टाकला, चार फॅमिली साइझ पिशव्या सोडल्या, झाकण ठेवलं. या पिशव्यांना दोरा नसतो, टोकाला कागदाची चिठ्ठी नसते; त्या कपात बुडवायच्या नसतातच. पाव तासाने त्यांनी झाऱ्याने पिशव्या उचलल्या. मी पिळायला हात पुढे केला तसा तो बाजूला सारला. ‘पिळायच्या नाहीत. कडू उतरतं.’ तोवर गॅलनच्या प्लॅस्टिकच्या जगमध्ये दीड कप साखर पडली होती. तिच्यावर तो काळाभोर गरम अर्क ओतला आणि लाकडी चमच्याला तळाशी खरखर लागेनाशी होईपर्यंत ढवळला. वरून नळाचं थंड पाणी, जग काठोकाठ भरेपर्यंत. मग लगेच फ्रिजमध्ये नाही. ओट्यावरच, कोमट होईपर्यंत. घाई केली तर चहा गढुळतो, हे त्यांना त्यांच्या आईने सांगितलेलं.

‘मॅम, साखर नेहमी दीड कप?’

‘आई दोन घालायची. मी दीड. माझी मुलगी एक घालते आणि तिच्या घरी कुणी दुसरा ग्लास मागत नाही.’

एका कपात साधारण 200 ग्रॅम साखर धरा. गॅलन म्हणजे पावणेचार लिटरहून किंचित जास्त. म्हणजे बाईंच्या चहात शंभर मिलीलिटरला आठ ग्रॅमच्या आसपास साखर, त्यांच्या आईच्या चहात साडेदहा. याच अटलांटात जन्मलेल्या कोकाकोलाच्या 355 मिलीच्या डब्यात 39 ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरला अकरा. तेव्हा आईंचा चहा कोकच्या जवळपास पोचलेला होता.

साखर गरम असतानाच का घालायची, याचं उत्तर इथे सगळे एकच देतात, की थंड पाण्यात एवढी साखर मावत नाही. ते खरं नाही. साध्या खोलीच्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात जवळजवळ 200 ग्रॅम साखर विरघळू शकते. दहा टक्के म्हणजे काहीच नाही. अडचण वेगाची आहे. बर्फाच्या ग्लासात टाकलेले दाणे तळाशी बसून राहतात, ढवळून हात दुखतो, पहिला घोट फिका लागतो आणि शेवटचा पाकासारखा. गरम अर्कात त्याच साखरेचा दोन मिनिटांत पत्ता लागत नाही. म्हणून इथल्या माणसाला हॉटेलात बिनसाखरेचा चहा आणि सोबत साखरेच्या पुड्या आणून दिल्या तर तो अपमान समजतो. त्याच्या लेखी चहात नंतर घातलेली साखर ही साखरच नव्हे.

सोड्याचं कारण त्याहून मजेशीर आहे. आपण चहा खळखळ उकळतो आणि तो तुरट होत नाही, कारण दुधातलं केसीन तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांना धरून ठेवतं. दूध काढून घेतलं तर आपला घरचा चहा जिभेवर टिकणार नाही. इथे दूध नाहीच. म्हणून उकळणं नाही, पिळणं नाही, वेळेचा धाक आहे, आणि तरी उरलेला तुरटपणा चिमूटभर सोड्याने मारायचा. सोड्याने अर्काचा रंगही गडद होतो, त्यामुळे बर्फ वितळून चहा पातळ झाला तरी ग्लासात तो भक्कम दिसतो. सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव येते. चिमूट म्हणजे चिमूटच.

पिशवीच्या आत

घरी येऊन मी एक पिशवी कात्रीने कापली. आत काळपट बारीक कणी. मळ्याच्या कारखान्यात सुकलेला चहा चाळण्यांवरून जातो तेव्हा वर अख्खी पानं राहतात, मग तुटकी पानं, त्याखाली ‘फॅनिंग्ज’ म्हणतात ती कणी आणि सगळ्यांत खाली ‘डस्ट’. पिशवीत शेवटचे दोन प्रकार असतात. यावरून नाक मुरडायचं तर जपून, कारण पुण्याच्या अमृततुल्यात आणि मुंबईच्या टपरीवर कडक रंग येतो तो याच खालच्या चाळण्यांतल्या मालाने. कण जितका बारीक तितका पाण्याला भिडणारा पृष्ठभाग जास्त, आणि अर्क तितका झटपट उतरतो. भुकटी ही चहाची टाकाऊ बाजू आहे हा समज नाजूक पानांचा चहा विकणाऱ्यांनी पसरवलेला आहे, असं माझं मत.

पिशवीचा कागदही साधा नव्हे. उकळत्या पाण्यात कागद विरतो; हा विरत नाही, कारण त्यात अबाकाचे लांब, चिवट धागे असतात. अबाका ही केळीच्याच कुळातली वनस्पती, फिलिपाइन्सची. जहाजांचे दोर पूर्वी तिचेच वळत. कडा उष्णतेने चिकटवता याव्यात म्हणून बऱ्याच पिशव्यांच्या कागदात थोडे प्लॅस्टिकचे तंतूही घालतात. परसातल्या खतात टाकलेल्या पिशवीतला चोथा माती होतो आणि जाळी मागे उरते, ती त्यामुळे.

मग आतला चहा कुठला? आसाम, दार्जिलिंग, श्रीलंका, केनिया ही नावं आपल्या ओठांवर असतात, पण गेली अनेक वर्षं अमेरिकेला वजनाने सर्वांत जास्त चहा पुरवणारा देश अर्जेंटिना आहे. तिथे मिसियोनेस प्रांताच्या लाल मातीत चहाचे सपाट मळे आहेत आणि तोडणी यंत्राने होते. गरम कपात हा चहा कुणाला जिंकणार नाही. सुगंध बेताचा, चव सपाट. पण तो थंड केला की नितळ राहतो, आणि इथे त्या गुणाला किंमत आहे.

नितळपणाचं प्रकरण समजावं म्हणून मी दोन काचेच्या बरण्या भरल्या. एकीत इथल्या स्वस्त पिशव्यांचा अर्क, दुसरीत भारतीय किराणा दुकानातून आणलेली दाणेदार आसाम पावडर, आपण रोज उकळतो ती. गरम असताना दुसरी बरणी बघत राहावी इतकी सुंदर होती, लालभडक आणि पारदर्शक. दोन्ही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या. सकाळी पहिली होती तशीच; दुसरी गढूळ, मातकट, पलीकडचं काही दिसेना. चहा नासला होता का? मुळीच नाही. पातेल्यात ओतून गरम केला तर पुन्हा लख्ख झाला. चहाला रंग आणि जोम देणारी द्रव्यं थंडीत कॅफिनशी जोड्या जमवतात आणि त्या जोड्या पाण्यात विरघळून राहत नाहीत, साका धरतात. चहाच्या धंद्यात याला ‘क्रीम’ धरणं म्हणतात. गरम आणि दुधाच्या चहासाठी साका धरणारा चहा म्हणजे जोमदार चहा, परीक्षक त्यावर खूश होतात. बर्फाच्या ग्लासासाठी तोच दोष. आपला लाडका आसाम इथे नापास होतो तो असा, आणि लिलावात कुणी ढुंकून बघणार नाही असा चहा पहिला येतो.

पिशवीच्या जन्माची गोष्ट सांगताना थॉमस सुलिव्हन या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याचं नाव घेतात. त्याने 1908च्या सुमारास नमुन्याचा चहा रेशमी पुरचुंड्यांत घालून धाडला, गिऱ्हाइकांनी पुरचुंडी न सोडताच पाण्यात टाकली, वगैरे. गोष्ट छान आहे. पण त्याआधी, 1901 साली, मिलवॉकी शहरातल्या रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लॅरन या दोघींनी जाळीदार सुती कापडाच्या पिशवीसाठी पेटंटचा अर्ज केला होता आणि 1903 साली ते त्यांना मिळालंही. त्यांचं म्हणणं गृहिणीचं होतं, की एका कपासाठी किटलीभर चहा कशाला करायचा? उरलेला वाया जातो, शिळा लागतो. एका कपापुरता चहा निघावा म्हणून त्यांनी पिशवी काढली. दक्षिणेतल्या घरांनी तीच पिशवी फुगवून गॅलनाची केली आणि दोघींचा मूळ हेतू पार उलटा करून टाकला.

बर्फ आधी, चहा नंतर

या चहाला इथली माणसं ‘आमच्या पणज्यांपासून’ म्हणतात. पणज्यांकडे बर्फ कुठून आला, असं विचारलं की गोष्ट सुरू होते.

बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर एकोणिसाव्या शतकात उत्तरेतल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून, लाकडाच्या भुश्यात दडपून, चार्ल्सटन, सव्हाना, न्यू ऑर्लिन्स अशा दक्षिणेतल्या बंदरांना विकत असे. 1833 साली त्याने तो कोलकात्यालाही पोचवला, आणि नंतर मुंबई-मद्रासच्या साहेबांच्या ग्लासातही अमेरिकेच्या तळ्यांचा बर्फ पडू लागला. पण हा बर्फ श्रीमंतांचा. फ्लोरिडातल्या अपालाचिकोला गावचे डॉक्टर जॉन गॉरी तापाच्या रुग्णांच्या खोल्या गार करायच्या खटपटीत होते. त्यातून त्यांनी बर्फ करायचं यंत्र बनवलं आणि 1851 साली त्याचं पेटंट मिळवलं. पैसा मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही. यादवी युद्धात उत्तरेचा बर्फ बंद झाल्यावर दक्षिणेला यंत्राच्या बर्फाची निकड भासली, आणि शतक संपेपर्यंत गावोगाव बर्फाचे कारखाने उभे राहिले. गोड थंड चहा त्या कारखान्यांच्या मागोमाग घराघरांत शिरला.

व्हर्जिनियाच्या मॅरियन कॅबेल टायरी यांचं ‘हाउसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया’ हे पाकपुस्तक 1879 साली छापलेलं आहे. त्यात थंड चहाची कृती आहे. रात्रीच्या जेवणाला हवा असेल तर सकाळीच चहा भिजत घाला, असं त्या सांगतात, आणि ते आमच्या मॅमशी तंतोतंत जुळतं. पण दोन फरक डोळ्यांत भरतात. तो चहा हिरवा आहे. आणि साखर किटलीत नाही, बर्फाबरोबर ग्लासात आहे. म्हणजे ज्या दोन गोष्टींवाचून आजचा दक्षिणी माणूस याला चहा म्हणणार नाही, त्या दोन्ही नंतर आल्या.

हिरव्याचा काळा कसा झाला, यात भारताचा हात आहे. 1904 साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात भारतीय चहाचा प्रचार करायला रिचर्ड ब्लेचिंडन नावाचे गृहस्थ मांडव टाकून बसले होते. उन्हाळा भाजून काढत होता, गरम चहाकडे कुणी फिरकेना, तेव्हा त्यांनी तो बर्फातून काढून द्यायला सुरुवात केली आणि झुंबड उडाली. ‘आइस टीचा शोध लावणारा’ म्हणून त्यांचं नाव आजही छापून येतं. ते चूक आहे. त्याआधी 1890 साली, त्याच मिझुरी राज्यातल्या नेवाडा गावी माजी सैनिकांच्या मेळाव्यात 880 गॅलन थंड चहा संपल्याची बातमी स्थानिक वर्तमानपत्राने छापलेली आहे. ब्लेचिंडन यांचं श्रेय वेगळं: थंड प्यायचा तर भारतातला काळा चहाही चालतो, हे त्यांनी लोकांच्या गळी उतरवलं. तरी हिरवा चहा टिकून होता. तो मोडला दुसऱ्या महायुद्धाने. जपान आणि चीनचा चहा तुटला, दुकानांत भारत-सिलोनचा काळा चहा उरला, आणि युद्ध संपेपर्यंत जिभा बदलल्या.

दारूबंदीनेही हातभार लावला. जॉर्जियात ती 1908 सालीच लागू झाली, देशाच्या बारा वर्षं आधी. जेवणाच्या टेबलावर मोठ्यांच्या हातात काहीतरी उंच, रंगीत, बर्फ किणकिणणारं असावं ही गरज चहाने भागवली.

स्वीट की अनस्वीट?

जॉर्जियातल्याच अथेन्स गावाच्या रस्त्यावर एक जुनी खानावळ आहे. इथे तिला ‘मीट अँड थ्री’ म्हणतात, म्हणजे एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या, ताटभर. आपली राइस-प्लेट. बसल्याबसल्या वाढणारी विचारते, ‘स्वीट की अनस्वीट?’ कशाबद्दल, ते सांगायची गरज नसते. ‘हाफ अँड हाफ’ असंही सांगता येतं. मग ती एका हातातल्या जगमधून गोड आणि दुसऱ्या हातातल्यातून बिनसाखरेचा असा एकाच ग्लासात ओतते. ग्लास अर्ध्यावर आला की न विचारता भरला जातो. पैसे पहिल्या ग्लासाचेच. मी मोजायला बसले नाही, पण तळलेली कोंबडी, भेंडी आणि मक्याचा पाव संपेपर्यंत ग्लासाचा तळ एकदाही दिसला नाही.

हे औदार्य परवडतं कसं? घरी गॅलनभर चहाला पिशव्या आणि साखर धरून दीड डॉलरच्या आत खर्च येतो. खानावळीला ठोक भावाने त्याहूनही कमी. पहिल्याच ग्लासात सगळे वसूल होतात, पुढचे ग्लास म्हणजे गिऱ्हाइकाशी जोडलेलं नातं. मुदपाकखान्यात मालकांनी स्टीलची टाकी दाखवली. गाळणकागदात मूठभर कणी, वरून गरम पाणी, खाली बादलीत आधीच ओतलेली साखर. कालचा चहा आज देत नाहीत. तोटीच्या आत जंतू बसतात, ती रोज सोडवून घासावी लागते; चहापेक्षा ती तोटी सांभाळणं हे खरं काम, असं ते म्हणाले.

उत्तरेकडून बदली होऊन आलेल्यांची फजिती हा इथला आवडता विनोद. ‘टी’ मागितला की थंड येतो. गरम हवा असेल तर ‘हॉट टी’ म्हणायचं, आणि मग कपभर कोमट पाणी, बशीत दोऱ्याची पिशवी आणि वाढणारीच्या चेहऱ्यावर ‘बरं नाही का तुम्हाला?’ असा भाव. 2003 साली एक एप्रिलला जॉर्जियाच्या विधिमंडळात जॉन नोएल या सदस्यांनी सहकाऱ्यांसह एक विधेयक मांडलं होतं: थंड चहा विकणाऱ्या प्रत्येक उपाहारगृहाने गोड चहाही ठेवलाच पाहिजे, नाहीतर गुन्हा. थट्टाच होती. पण संमत झालं तर आपली हरकत नाही, असंही नोएल म्हणाले होते.

घरी करायला वेळ नसलेल्यांसाठी आता तयार जग मिळतात. अलाबामात बर्मिंगहॅमला मायलो कार्लटन यांनी 1946 साली हॅम्बर्गरचं दुकान काढलं होतं. त्या दुकानातला चहा पुढे इतका चालला की ‘मायलोज’चे गॅलन आज किराणा दुकानांच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी असतात. आमच्या मॅमना हे पटत नाही. ‘पाहुण्याला दुकानातला चहा?’ एवढंच म्हणाल्या.

वॉडमलॉ बेटावर

दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरातून नैर्ऋत्येला निघालं की रस्त्यावर दोन्ही बाजूंनी ओकची झाडं कमान धरतात, फांद्यांवरून राखाडी शेवाळ लोंबत असतं. रस्ता वॉडमलॉ बेटावर जातो. इथे सव्वाशे एकरांचा चार्ल्सटन टी गार्डन हा मळा आहे. लिप्टन कंपनीने 1960च्या दशकात इथे प्रयोगाची बाग लावली, 1987 साली मॅक फ्लेमिंग आणि विल्यम हॉल यांनी ती विकत घेऊन चहा बाजारात आणला, आणि 2003पासून बिगेलो कंपनीही मालकीत आहे.

आसाम किंवा निलगिरीची चित्रं डोळ्यांत असलेल्या माणसाला इथे काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. बायका नाहीत, पाठीवरच्या टोपल्या नाहीत. सपाट रानात कुंपणासारख्या सरळ रांगा, आणि त्यांच्यावरून फिरणारं एक अजस्र हिरवं यंत्र. कापूस वेचणीच्या आणि तंबाखू कापणीच्या यंत्रांचे भाग जोडून ते इथेच बनवलेलं. ऊन, पाऊस, आम्ल माती, चहाला लागतं ते सगळं दक्षिण कॅरोलिनात आहे. तरी चहा इथे पसरला नाही, कारण तो खुडायला स्वस्त हात लागतात. पूर्वी प्रयत्न झाला होता. समरव्हिल गावी डॉ. चार्ल्स शेपर्ड यांनी 1888 साली मळा लावला, आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढून त्याच मुलांना पानं खुडायला लावलं. 1915 साली ते वारले आणि मळा रानात गेला. वॉडमलॉची झाडं त्या रानातल्या झुडपांची वंशज आहेत.

इथल्या ‘पाहुणचारा’ची ही मागची बाजूही तपासायला हवी. जगभर ज्याचं कौतुक होतं त्या दक्षिणी आतिथ्यात चहा ओतणारे आणि पिणारे दीर्घ काळ एका टेबलावर बसत नव्हते. साखर, भात, कापूस, सगळ्याखाली गुलामांची मेहनत. गुलामगिरी संपल्यावरही गोऱ्या घरांतला जग कृष्णवर्णीय स्वयंपाकिणींच्याच हातात होता. या मळ्याच्या नावात 2020पर्यंत ‘प्लँटेशन’ हा शब्द होता, तो काढून ‘गार्डन’ केलं. दक्षिण कॅरोलिनाने 1995 साली कायदा करून चहाला राज्याचं ‘आतिथ्याचं पेय’ ठरवलं आहे. समरव्हिल स्वतःला गोड चहाची जन्मभूमी म्हणवतं आणि गिनेस बुकात गेलेली राक्षसी बरणी मिरवतं. मळ्याच्या दुकानात चहा फुकट, हवा तेवढा. मी दोन्ही प्यायले. गरम चांगला होता, थंड त्याहून बरा.

साखरेचं काय?

मॅमना आता मधुमेह आहे. दीड कपाचा जग त्या अजून करतात, पण पाहुण्यांसाठी. स्वतः हाफ अँड हाफ, तोही पाण्याचाच जास्त. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या संशोधकांनी 2011 साली 15 राज्यांतले 644 परगणे मिळून ‘मधुमेहाचा पट्टा’ आखला. बहुतेक सगळा दक्षिणेत. त्याचं खापर एकट्या चहावर फोडता येणार नाही. गरिबी, वजन, बसून राहणं, सगळंच आहे. पण जेवताना न विचारता भरला जाणारा ग्लास या हिशोबात धरावाच लागेल. दिवसभर कटिंगवर कटिंग मारणाऱ्या आपल्या लोकांनी यावर फार बोलू नये हेही खरं.

आमच्याकडे गणपतीत आता दोन भांडी असतात. एक मसाला चहाचं, मोठ्यांसाठी. दुसरा थंड चहाचा जग, इथे वाढलेल्या मुलांसाठी. कुणी त्यात गवती चहा घालतं, कुणी लिंबू पिळतं. चांगला लागतो. मात्र बरणी उन्हात ठेवून ‘सन टी’ करायचा मोह टाळा. उन्हाने पाणी जंतू वाढण्याइतपतच तापतं, मरण्याइतकं नाही. पाणी नव्वद अंशांच्या वर असावं, चहा त्यात निदान तीन-पाच मिनिटं राहावा आणि बाहेर ठेवलेला आठ तासांत संपवावा, असं रोगनियंत्रण केंद्राचं सांगणं आहे.

घरी करून पाहायचा तर मापं निम्मी करा. अर्धा लिटर उकळलेलं पाणी, गॅस बंद करून त्यात साध्या आठ पिशव्या, सोडा दोन बोटांत येईल तेवढाच, दहा मिनिटं झाकण. गरम अर्कात पाऊण कप साखर, वर दीड लिटर थंड पाणी. निवू द्या, मग फ्रिजमध्ये. आसामची दाणेदार पावडर वापरलीत तर तो गढुळेल, चव बिघडणार नाही. निलगिरीचा चहा मिळाला तर तोच घ्या. थंड केल्यावर नितळ राहण्यात त्याची ख्याती आहे. आणि कधी या बाजूला आलात, कुणी ‘चहा घेणार का?’ असं विचारलं आणि तुम्हाला वाफाळता हवा असेल, तर ‘हॉट’ हा शब्द आधी उच्चारा.